हा बुरूज ढिला का आहे?

चाकणजवळच्या एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं क्वालिटीत आहे. मशीनमधून पडलेला गरम पार्ट हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, कडेवरून नख फिरवायचं आणि काय चुकलंय ते सांगायचं, हे माझं रोजचं काम. राहायला मोशीत. आमच्या सोसायटीत दर दिवाळीला किल्ल्यांची स्पर्धा असते. पूर्वी सगळे किल्ले मातीचे असायचे. पण बाराव्या मजल्यावरच्या मुलांना अंगण कुठलं? पार्किंगमध्ये माती आणली की गाड्यांवर धूळ बसते, म्हणून कुरकूर सुरू होते. म्हणून आठ-नऊ वर्षांपूर्वी आम्ही क्लबहाउसमध्ये दोन लांब टेबलं मांडली आणि खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटांचे किल्ले सुरू केले. हळूहळू त्या टेबलांवर किल्ल्यांच्या शेजारी मेट्रो आली, कांद्याचा ट्रक आला, चेतक स्कूटर आली. मुलांबरोबर त्यांचे आईबाबाही विटा जोडायला बसू लागले. ही मॉडेलं बघून प्रत्येकाशी दोन शब्द बोलायचं काम पहिल्या वर्षापासून माझ्याकडे आहे.

२०२३ च्या दिवाळीत सहावीतल्या एका मुलाने चाकणचा संग्रामदुर्ग केला होता. भुईकोट किल्ला, चहूबाजूंनी निळ्या विटांचा खंदक, तटावर ओळीने मावळे. मी कोपऱ्यातल्या बुरुजाला हात लावला आणि अख्खा बुरूज सुटून माझ्या हातात आला. सवयीने तोंडातून गेलं, "हा ढिला राहिलाय रे."

"काका, तो उडवायचाच आहे," मुलगा म्हणाला. त्याने बुरूज माझ्या हातातून घेतला, जागेवर ठेवला आणि खालची एक लाल वीट बाहेर ओढली. बुरूज खंदकात कोसळला.

१६६० साली शायिस्ताखानाच्या फौजेने या किल्ल्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी थोडक्या माणसांनिशी तो छप्पन्न दिवस लढवला. शेवटी मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग पेरला, बुरूज उडाला आणि तिथून फौज आत शिरली. ती लाल वीट म्हणजे तो सुरुंग होता. मी ज्याला दोष म्हटलं, ती त्या मॉडेलमधली सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट होती.

दुसऱ्याने मन लावून केलेल्या वस्तूबद्दल कसं बोलावं, हे मी त्या दिवसापासून जाणीवपूर्वक शिकतो आहे. जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडतो.

१. आधी विचारा, मग हात लावा

आता मी मॉडेलसमोर उभा राहिलो की दोन्ही हात पाठीमागे बांधतो आणि तीन प्रश्न विचारतो. यात सगळ्यात अवघड काय होतं? तुला स्वतःला कुठला भाग आवडलाय? अजून काय राहिलंय असं वाटतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार मोलाचं असतं. दहापैकी आठ वेळा मूल स्वतःच सांगतं की हा दरवाजा मोठा झालाय, ही पायरी नीट बसत नाही. कारखान्यातही तेच पाहतो. पार्टवर खड्डा पडलाय हे माझ्याआधी मशीनवरच्या माणसाला कळलेलं असतं. त्याला कोणी विचारलेलं नसतं, एवढंच. मुलाने स्वतःच दोष सांगितला की माझं काम सोपं होतं. "हो, मलाही तिथेच वाटलं. काय करता येईल?" एवढं म्हणायचं. दोष त्याने शोधलेला असतो, त्यामुळे तो दुरुस्त करायची ओढही त्याचीच असते.

२. पार्टला नाव ठेवा, माणसाला नको

मोल्डिंगमध्ये प्रत्येक दोषाला नाव आहे आणि प्रत्येक नावामागे कारण आहे. साचा पूर्ण भरला नाही तर शॉर्ट शॉट. साच्याच्या फटीतून प्लास्टिक बाहेर आलं तर फ्लॅश. आतल्या जाड भागापाशी पृष्ठभाग खोल गेला तर सिंक मार्क. एबीएस प्लास्टिकचे दाणे ओलसर राहिले की पार्टवर चंदेरी रेघा उमटतात. अशी रेघ दिसली की दाणे किती वेळ सुकवले ते आम्ही आधी पाहतो. मशीनवरच्या माणसाला वेंधळा म्हटल्याने आजवर एकही रेघ गेलेली नाही.

हे सगळं माहीत असूनही माझ्या हातून एक चूक झाली आणि ती अजून सलते. २०२२ च्या मार्चमध्ये पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो धावू लागली. त्या दिवाळीत तिसरीतल्या एका मुलाने मेट्रो केली होती, तीन डब्यांची, खांबांवरून जाणारी. वळणावर मधला डबा रुळावरून उतरायचा. टेबलाभोवती वीसेक माणसं उभी असताना मी त्याला म्हणालो, "घाई केलीस तू. नीट लक्ष दिलं नाहीस."

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर मेट्रोवर वर्तमानपत्र पांघरलेलं होतं. पुढच्या वर्षी नावांच्या यादीत तो नव्हता. नंतर ते कुटुंब तळेगावला राहायला गेलं.

माझी ती दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा तपासली. दोन्हींत मेट्रोबद्दल एक अक्षर नव्हतं, दोन्ही त्या मुलाबद्दल होती. शिवाय दोन्ही निराधार होती, कारण त्याने घाई केली की आठवडाभर खपला, हे मला ठाऊकच नव्हतं. मला दिसलं होतं ते इतकंच की मधला डबा वळणावर उतरतो. तेवढंच म्हणायला हवं होतं. मग आम्ही दोघांनी चाकांमधलं अंतर पाहिलं असतं, डब्यांचा जोड वळतो का ते पाहिलं असतं आणि मेट्रो धावली असती.

आता माझा नियम साधा आहे. वाक्याची सुरुवात 'तू' ने होत असेल तर पुढे कौतुकच यायला हवं. सुधारणा सांगायची तर वाक्य 'हा डबा', 'ही भिंत', 'हा जोड' असं सुरू करायचं. कौतुक सगळ्यांसमोर करायचं, सुधारणा खाली बसून, त्याच्या कानाशी.

३. 'छान' म्हणून पुढे जाऊ नका

त्या मेट्रोनंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. प्रत्येक टेबलापाशी "छान, छान, सुंदर" म्हणत फिरू लागलो. एका मुलीनेच मला थांबवलं. "काका, तुम्ही सगळ्यांना छानच म्हणता," ती म्हणाली. त्या आवाजात तक्रार नव्हती, निराशा होती. तिने आठ दिवस घालवून केलेल्या गोष्टीकडे मी आठ सेकंदही पाहिलं नव्हतं, हे तिला समजलं होतं.

मी परत वळलो आणि वाकून पाहिलं. तिने रायगड केला होता. बाकीच्या मुलांच्या किल्ल्यांना दरवाजा समोर, मधोमध, दिवाणखान्याच्या दारासारखा असतो. तिच्या किल्ल्यात वाट दोन बुरुजांच्या मधून आत शिरत होती, वळत होती आणि दरवाजा वळणापलीकडे होता. समोरून पाहिलं तर तो दिसतच नव्हता. रायगडाच्या महादरवाजाची रचना तशीच आहे. या गोमुखी बांधणीमुळे शत्रूला बाहेरून दरवाजाचा नेम धरता येत नाही, हत्तीला धडक द्यायला धाव घेता येत नाही आणि वळणात अडकलेल्यांवर दोन्ही बुरुजांवरून मारा करता येतो.

"दरवाजा बाहेरून दिसत नाही. हे तू मुद्दाम केलंस ना?" मी विचारलं. तिचा चेहरा उजळला. पुढची दहा मिनिटं ती मला हत्ती कुठून येईल आणि कुठे अडेल ते सांगत होती.

नेमकं कौतुक ही कष्टाची गोष्ट आहे. त्यासाठी आधी वाकावं लागतं, निरखावं लागतं, विषयाची थोडी माहिती असावी लागते. म्हणून आता दिवाळीच्या आधी मी यादी मागवतो आणि कोण काय करतंय ते बघून थोडं वाचून जातो.

४. एका वेळी एकच गोष्ट सांगा

तपासणीच्या कागदावर आम्ही सगळे दोष लिहितो, कारण तो कागद यंत्रासाठी आणि साच्यासाठी असतो. माणूस एका वेळी एकच गोष्ट मनात धरून घरी जाऊ शकतो. ती कोणती, हे ठरवण्यात सांगणाऱ्याचं खरं कौशल्य आहे.

चौथीतल्या एका मुलीने चाकणच्या बाजारात जाणारा कांद्याचा ट्रक केला होता. मला चार गोष्टी दिसल्या. चाकं घासत होती, केबिन मोठी होती, रंग सरमिसळ होते आणि ट्रक ढकलला की कांद्याच्या गोण्या पडत होत्या. कारखान्यात आम्ही अशा वेळी पाच वेळा 'का' विचारतो. गोण्या का पडतात? ट्रकला हिसका बसतो म्हणून. हिसका का बसतो? जोर लावून ढकलावा लागतो म्हणून. जोर का लावावा लागतो? चाकं वरच्या पत्र्याला घासतात म्हणून. तिसऱ्या 'का'लाच उत्तर मिळालं.

मी फक्त चाकाकडे बोट दाखवलं. "हे फिरवून बघ बरं." तिने फिरवलं, कुठे घासतंय ते पाहिलं आणि चाकांच्या वर सगळीकडे एकेक चपटी वीट घातली. तीन चपट्या विटा मिळून एका पूर्ण विटेची उंची होते, म्हणजे ट्रक तीन मिलिमीटरहून थोडा जास्त उचलला गेला. तो टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला. एकही गोणी पडली नाही. केबिन आणि रंग यांबद्दल मी काही बोललो नाही. रंगाचा प्रश्न तिचाच होता आणि केबिन तिने पुढच्या वर्षी आपणहून लहान केली.

५. उत्तर सांगू नका, बोटाने ढकलू द्या

एका मुलाची तटबंदी हातभर उंच होती. विटेवर वीट, अगदी सरळ रेषेत, एकावर एक. दिसायला टापटीप. पण शेजारच्या दोन रांगांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, कारण सगळे जोड एकाखाली एक आले होते. ते मला लांबूनच दिसत होतं. जिभेवर आलेलं वाक्य मी गिळलं आणि म्हणालो, "वरून एका बोटाने हळूच ढकल."

भिंत मधोमध फाकली, जशी पुस्तकाची पानं उघडतात तशी. तो बघतच राहिला.

आमच्या समोरच एका इमारतीचं काम चालू होतं. दुसऱ्या दिवशी गुरुवार, मला सुट्टी. मी त्याला आणि त्याच्या बाबांना घेऊन तिथे गेलो. गवंडीकाका भिंत चढवत होते. आम्ही कुंपणाबाहेरून विचारलं, तर त्यांनी हातातली थापी भिंतीला टेकवून दाखवलं. "हा खालचा जोड बघ. त्याच्यावर वरचा ठोकळा मधोमध आलाय ना? जोडावर जोड आला की भिंत फाटते, लेकरा. याला सांधेमोड म्हणतात."

मुलाने तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला. घरी जाऊन त्याने अख्खी भिंत उकलली आणि पुन्हा रचली, प्रत्येक रांग अर्धी वीट सरकवून. संध्याकाळी त्याने मला ती बोटाने ढकलायला लावली. टेबल हललं, भिंत हलली नाही. आज आमच्या सोसायटीतल्या लहान मुलांना सांधेमोड तोच शिकवतो. मी आधीच उत्तर सांगितलं असतं तर त्याने ती भिंत माझ्यासाठी दुरुस्त केली असती आणि तो शब्द त्याच्याकडे राहिला नसता.

यातलाच एक छोटा नियम आहे. दाखवण्यासाठीसुद्धा दुसऱ्याच्या मॉडेलमधली वीट आपल्या हाताने काढू नये. फार तर बाजूला चार सुट्या विटा घ्याव्यात आणि त्यांवर दाखवावं.

६. आपला किल्ला घरी ठेवून या

वर दोन बाय चार गुंड्या असलेल्या एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या किती प्रकारे जोडता येतात? गणितज्ञांनी संगणकावर मोजून काढलेलं उत्तर ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ आहे. फक्त सहा विटांचं हे असेल तर पाचशे विटांचा लोहगड माझ्या मनातल्या लोहगडासारखाच व्हावा, हा हट्ट कशासाठी?

२०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यातले लोहगड आणि शिवनेरी आमच्या मुलांना सहलीमुळे माहीत, म्हणून त्या दिवाळीत लोहगड तीन आले. त्यातल्या एकाचा विंचूकाटा एवढा लांब होता की टेबलाबाहेर आला होता. लोहगडाची ती सोंड लांबच आहे, दीड किलोमीटरच्या आसपास. पण इथे ती गडाच्या तिप्पट झाली होती. माझ्या शेजारी उभे असलेले एक काका म्हणाले, "प्रमाण पार बिघडलंय."

तो गड करणाऱ्या मुलीला मी विचारलं, "विंचूकाटा एवढा लांब कसा गं?"

"तिथे चालून चालून माझे पाय दुखले होते," ती म्हणाली. "बाबा म्हणत होते, आलंच आता टोक. पण येतच नव्हतं."

तिने नकाशातला लोहगड केलाच नव्हता. सात वर्षांच्या पायांना लागलेला लोहगड केला होता. त्यात दरवाजे मात्र चारही होते, गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, एकामागे एक. त्यावर मी कौतुक केलं. प्रमाणाबद्दल बोललो नाही. एकच गोष्ट सांगितली, की विंचूकाट्याची भिंत एका जागी जोडावर जोड आल्यामुळे उकलतेय. तिने मान डोलावली, एवढंच.

७. डब्याची किंमत बघू नका

आमच्या टेबलावर महागड्या खोक्यातल्या विटा असतात आणि आठवडी बाजारातून वजनावर आणलेल्याही असतात. या दोन्हींत काय फरक आहे, ते मी व्हर्नियरने मोजून पाहिलं आहे. लेगोच्या विटेची उंची, वरच्या गुंड्या सोडून, ९.६ मिलिमीटर आणि दोन गुंड्यांच्या मध्यांतलं अंतर ८ मिलिमीटर. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या या कंपनीने आतून नळ्या असलेल्या विटेच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ ला अर्ज केला. त्या नळ्यांमुळेच वीट विटेला घट्ट धरते. तेव्हाच्या मापाची वीट आजच्या विटेवरही बसते. साच्याची एवढी जपणूक करणं किती कठीण आहे, हे साच्याजवळ उभं राहणाऱ्यालाच कळेल. बाजारातल्या सुट्या विटांची उंची मात्र दर दोन-चार विटांमागे थोडी वेगळी भरते. दहा थरांनंतर तो फरक भिंतीला वाकवतो.

म्हणून एखाद्याची भिंत वाकडी दिसली की मी आधी वीट पाहतो. दोष विटेचा असेल तर ते मुलाला स्पष्ट सांगतो. "वीट कमीजास्त आहे, तुझा हात बरोबर आहे." ज्याला कमी साधनांत काम करावं लागतं, त्याला हे वाक्य ऐकायची गरज असते.

या बाबतीत आपल्याच भागातली एक गोष्ट मी मुलांना सांगतो. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे अभियंते टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यात ट्रक बनवायचं काम करत होते. १९७८ मध्ये ते रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले. तिथे त्यांना आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून सांधे करता येतात हे सापडलं. ट्यूबच्या छोट्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी काड्या खुपसायच्या की सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण पक्का उभा राहतो, चार काड्यांचा चौकोन एका बाजूला कलतो आणि त्यात तिरकी काडी घातली की तोही पक्का होतो. पुढे पुण्यात आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंची असंख्य खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्याच्याकडे विटा कमी असतात, त्याला मी आता आगकाड्या आणि ट्यूबही देतो. गेल्या दिवाळीत एका गडाच्या पायथ्याचा पूल त्याच तिरक्या काडीवर उभा होता.

८. मोठ्यांना विचारा, किती खरं हवंय

भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये सेकंड शिफ्टला काम करणारे आमचे एक शेजारी आहेत. त्यांचे वडील आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात होते. १९७२ मध्ये बाजारात आलेली चेतक त्यांच्या घरात पंचवीस वर्षं होती. ती त्यांनी विटांनी केली, पुढच्या हॉर्नच्या आवरणापासून डिकीच्या गोलाईपर्यंत. मला म्हणाले, "साहेब, पोरांशी बोलता तसं गोड नको. खरं सांगा."

मी विचारलं, "स्पर्धेला किती दिवस आहेत? उकलून पुन्हा जोडायला वेळ आहे का?" दोन दिवस होते. वेळ नसता तर मी दोष सांगितला नसता. ज्यावर आता इलाज नाही, तो दोष सांगून माणसाची फक्त झोप जाते.

बाजूचं पॅनल गोल दिसावं म्हणून त्यांनी विटा आडव्या फिरवून लावल्या होत्या. तिथे एक फट राहत होती आणि ती बुजवायला त्यांनी वीट रेटून बसवली होती. ताण पडलेल्या जागी प्लास्टिक पांढुरकं झालं होतं. एबीएसवर ताण आला की असंच होतं, आणि पुढे तिथेच चीर जाते. मी म्हणालो, "इथे माप जुळत नाही. पाच विटांची उंची ४८ मिलिमीटर होते आणि सहा गुंड्यांची रुंदीही ४८. उभं आणि आडवं तिथे बरोबर भेटतं. तिथली मोकळी जागा तेवढी ठेवलीत तर रेटावं लागणार नाही."

त्यांनी कागदावर आकडे मांडले, दोनदा गुणाकार केला आणि काही न बोलता पॅनल सोडवायला घेतलं. रात्री साडेअकराला दारावर टकटक झाली. शिफ्टवरून आल्या आल्या त्यांनी काम पुरं केलं होतं. पॅनल फट न राहता बसलं होतं. ते माझ्या हातात देताना म्हणाले, "आता अण्णांना दाखवतो." अण्णा म्हणजे त्यांचे वडील.

मोठ्यांना गोड शब्द कमी आणि माप जास्त लागतं. पण तेही त्यांनी मागितल्यावर आणि वेळेत.

९. आईबाबांशी वेगळं बोला

टेबलाशी उभे राहून काही बाबा मुलाच्या हातातून वीट काढून घेतात. "थांब, असं नसतं." मूल हात मागे घेतं आणि मग फक्त विटा पुरवत बसतं. अशा वेळी मी मुलासमोर काही म्हणत नाही. नंतर चहाला बाबांना गाठतो आणि विचारतो, "यातला कुठला भाग त्याने एकट्याने केला?" बरेच जण थोडा वेळ थांबतात. त्या थांबण्यातच त्यांना कळतं.

एक आजोबा मला एकदा म्हणाले, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. तुम्ही पोरांना फार जपता." मी त्या म्हणीचा मान ठेवतो. पण आळंदीच्या वाटेवर दगड घडवणारा पाथरवट मी पाहिला आहे. तो आधी दगडावर हात फिरवतो, कान लावून आवाज ऐकतो आणि मग जिथे द्यायचा तिथेच घाव देतो. घाव कुठेही बसला तर दगड फुटतो. हे मी आजोबांना सांगितलं आणि ते म्हणाले, "हे मात्र खरं."

१०. सांगून झालं की गप्प बसा

आपण सांगितलेलं त्याने ऐकलं का, हे तपासायची घाई मलाही होते. दुसऱ्या दिवशी जाऊन "मग, केलंस का?" असं विचारावंसं वाटतं. ते मी आता टाळतो. सांगितलेलं रुजायला वेळ लागतो. कधी ते पुढच्या दिवाळीला दिसतं, कधी दिसतच नाही. बोललेलं बरोबर होतं की नाही, हे ओळखायची माझ्याकडे एकच खूण उरली आहे. आपण बोलून वळल्यावर त्या माणसाचे हात विटांकडे जातात का, एवढं पाहायचं.

२०२५ च्या भाऊबीजेनंतरच्या रविवारी आम्ही टेबलं आवरत होतो. बक्षिसं वाटून झाली होती, पणत्या विझल्या होत्या. मुलं आपापले किल्ले मोडून विटा बादल्यांत टाकत होती. लोहगडवालीला बक्षीस मिळालं नव्हतं. तिचा गड मोडून झाला होता, पण विंचूकाटा तसाच टेबलाबाहेर लोंबत होता. मी बादली घेऊन तिच्याकडे गेलो आणि थांबलो. तिने काट्याची भिंत मधूनच उकलली होती आणि आता ती परत रचत होती, एक वीट इकडून, एक तिकडून, जोडावर जोड येणार नाही अशी.

वरून तिच्या आईची हाक आली, "चल गं, जेवण गार होतंय."

"आले," ती म्हणाली आणि पुढची वीट उचलली.

मी बादली खाली ठेवली, शेजारची खुर्ची ओढली आणि तिचं काम होईपर्यंत तिथेच बसून राहिलो.